मागची भिंत

"सुचिता, तुझ्या घराला मागची भिंत नाही बेटा," गावंडे गुरुजी फोनवर म्हणाले. "आज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात गाय उभी होती."

मी रक्तपेढीच्या बाहेर जिन्यात उभी होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. आत काम करताना फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती. तो कपाटात कुलूप लावून ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढायचा. हैदराबादच्या त्या जिन्यात उभं राहून परतवाड्याचं घर दुरुस्त करणं, असा माझा तेव्हाचा संसार होता.

"गाय?"

"गाय. ओट्यावरचं पोतं चावून गेली. तो रूपराव ठेकेदार फिरकलाच नाही. भिंत पाडली, विटा अंगणात टाकल्या आणि गेला. मी कितीदा सांगणार त्याला? मी शेजारी माणूस."

मी रूपरावला फोन लावला. पहिल्यांदा तो म्हणाला, मिस्त्री गावी गेला आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, रेती मिळत नाही. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं फोन उचलला आणि ते आंघोळीला गेले आहेत म्हणाली, भर दुपारी. मग माझी सुट्टी संपली. फोन पुन्हा कपाटात गेला आणि मी रक्ताच्या पिशव्यांकडे वळले.

घर बाबांनी बांधलेलं. ते लाकडाच्या आरामशीनवर कामाला होते. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, आणि संडास-मोरी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाबा गेल्यावर आई तिथे एकटी राहिली. मग एकदा मोरीकडे जाताना शेवाळावरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मी तिला हैदराबादला घेऊन आले. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती वॉकर धरून खिडकीपर्यंत जायची, खाली पाहायची आणि परत यायची.

"घर कधी होते?" एवढंच ती विचारायची.

घरातच संडास-बाथरूम करायचं, मागची फुगलेली भिंत पाडून नवी बांधायची, उंबरे काढायचे, ओटा नवा करायचा, असं ठरलं होतं. ते झालं की आई परत जाणार होती. त्या आशेवरच ती वॉकरचे व्यायाम करत होती.

गाईची गोष्ट मी तिला सांगितली नाही. पण त्याच आठवड्यात हेमंतचा फोन आला.

हेमंत माझा धाकटा भाऊ. अमरावतीला एका मंगल कार्यालयात देखरेखीला होता, तिथेच मागच्या खोलीत राहायचा. त्याआधी तो व्यसनमुक्ती केंद्रात होता आणि त्याच्याही आधी कुठे कुठे होता ते आम्हाला धड माहीत नव्हतं. लग्न मोडलं होतं. दारूनं त्याचं जे जे मोडता येईल ते सगळं मोडलं होतं.

"ताई, मी परतवाड्याले जाऊन आलो," तो म्हणाला. "घर पाहिलं. पोट फाडून ठेवल्यासारखं दिसून राहिलं ते."

"तू कशाला गेलास?"

"गुरुजींनी बोलावलं नाही मले. ते कायले बोलावतील? मीच गेलो. कार्यालयात आता लग्नं नाईत, मालकानं सुट्टी देल्ली. मी पाहतो ना घराचं. दुसरा मिस्त्री आहे माझ्या ओळखीचा."

मी गप्प राहिले. त्यालाही गप्प राहण्याचा अर्थ कळत होता.

"मी नाई घेत आता, ताई. बंद आहे. तू म्हणशील तर मी रोज तुले तोंड दाखवीन, त्या व्हिडिओवर. तुले कळतेच तोंडावरून."

मी आईला विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, सांगून पाहिलं. ती पोहे निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"चावी नको देऊ त्याले."

"आई, भिंतच नाही. चावीचं काय घेऊन बसलीस?"

"मंग तुझं तू पाय. मले नको सांगू त्याचं."

आई हेमंतशी बोलत नव्हती. बाबांच्या अंत्यविधीला तो इतका पिऊन आला होता की मडकं त्याच्या खांद्यावर राहीना. शेवटी आमच्या मामेभावानं अग्नी दिला. आई त्या दिवशी त्याला एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर तर नाहीच. गावंडे गुरुजींच्याही दारात एकदा त्यानं असाच तमाशा केला होता, त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले असताना. ती सोयरीक तिथेच मोडली. गुरुजी त्याच्याशी बोलत, पण मोजकंच.

मी त्याला हो म्हटलं. मला दुसरा मार्ग नव्हता, हे एक. आणि तो "पोट फाडून ठेवल्यासारखं" म्हणाला तेव्हा त्याचा आवाज लहानपणीसारखा आला होता, हे दुसरं.

हेमंत घरातच राहायला गेला. पुढच्या खोलीत खाट टाकली, मागे ताडपत्री बांधली. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर फोटो येऊन पडलेले असत: पायाचा खड्डा, विटांचा पहिला थर, दुसरा थर. मी डबा खाता खाता ते बोटांनी मोठे करून पाहायची. रक्तपेढीतल्या मुली विचारायच्या, "मॅडम, आज घर कुठवर आलं?" मी दाखवायची. भिंतीचे फोटो कोणी इतक्या प्रेमानं पाहत असेल असं वाटत नाही.

तो रोज व्हिडिओवर तोंड दाखवायचा. दाढी केलेली असायची. सिमेंटनं भुवया पांढऱ्या झालेल्या. आणि रोज शेवटी एकच प्रश्न असायचा.

"आई काय म्हणते?"

"काही नाही. बरी आहे."

एकदा त्यानं विचारलं, "तिले विचार, ओटा किती उंच पाहिजे? आता वॉकर धरते ना ती. नेहमीच्या उंचीचा तिले जमन का?"

आई समोरच बसली होती. तिनं ऐकलं होतं. फोनकडे न पाहता ती मला म्हणाली, "त्याले सांग, माह्या कमरेइतका. जास्त नाई."

"ताई, कमर म्हणजे किती? मी काय तिची कमर मोजून ठेवली आहे?"

आईच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिलं. मग मी टेप आणून तिच्या कमरेला लावला, ती उभी राहिली, आणि मी फोनवर आकडा सांगितला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं सुरू झालं. म्हणजे, माझ्यामार्फत. एकाच खोलीत फोन, फोनवर तो, शेजारी आई, आणि मी मधे निरोप्या.

"त्याले म्हण, कपडे धुवायचा दगड नाई फेकायचा."

"नाई फेकला. नव्या बाथरूमात बसवून राहिलो. पण बसून धुता येईल का तिले?"

"त्याले म्हण, उंच बसव. खुर्चीवर बसून धुवीन."

"खिडकी कोणीकडून पाहिजे विचार."

"त्याले काय इतकंही कळत नाई? गल्लीकडून. माणसं दिसली पाहिजेत."

मी एकदा वैतागून म्हणाले, "आई, फोन तुझ्या हातात देते. तूच बोल ना."

तिनं हात मागे घेतले. जणू मी गरम तवा पुढे केला होता. फोनवर हेमंत थांबला होता. मग म्हणाला, "जाऊ दे ताई. टाइल्स दाखवतो, पाय."

टाइल्सच्या दुकानातून त्यानं नमुने दाखवले. मी गुळगुळीत पांढरी पसंत केली. तो म्हणाला, "नको. ओली झाली की घसरते. ही घेऊ, खरखरीत. दिसायले चांगली नाई, पण आई पडणार नाई." आईनं ते ऐकलं. त्या रात्री जेवताना ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "हेमंतनं खरखरीत फरशी घेतली." कितीतरी काळानं तिनं त्याचं नाव घेतलं होतं. माझ्या नवऱ्यानं फक्त मान हलवली आणि तिला वरण वाढलं.

एका रविवारी मी तिचं डोकं विंचरत होते. तेव्हा ती आपणहून म्हणाली, "घरी गेल्यावर बोलीन त्याच्याशी."

"आत्ताच बोल ना. फोन लावू?"

"नाई. फोनवर काय बोलतात? समोर बसवीन, जेवू घालीन, मंग बोलीन. मले लय बोलायचं आहे त्याले. शिव्याही द्यायच्या आहेत." ती हसली. "भरीत करीन. त्याले आवडते."

भिंत उभी राहिली, बाथरूम झालं, ओटा झाला. बाहेरून प्लास्टर सुरू झालं. मी रजेचा अर्ज दिला. प्लास्टर झालं की आम्ही जाणार होतो.

त्या दिवशी परतवाड्याला बाजार होता. बाजाराच्या दिवशी मिस्त्री, मजूर कोणी कामावर येत नसत. मी दुपारी कपाट उघडून फोन हातात घेतला तर गावंडे गुरुजींचे कितीतरी फोन येऊन गेलेले. मी तिथेच उभ्या उभ्या लावला.

"बेटा, तू बसलेली आहेस का?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, काय झालं?"

"हेमंत परांचीवरून पडला. आम्ही दवाखान्यात नेलं. पण नाही राहिला बेटा. वाटेतच गेला."

माझ्या हातातला डबा कोणीतरी काढून घेतला हे आठवतं. बाकी काही आठवत नाही. घरी पोचल्यावर मी आईसमोर बसले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "हेमू?"

मी मान हलवली.

"कसा?"

"पडला. परांचीवरून."

मग तिनं वॉकर ओढला, उभी राहिली आणि म्हणाली, "चल. निघू."

रडली नाही. गाडीत नाही, परतवाड्याला पोचल्यावर नाही, मी अग्नी दिला तेव्हाही नाही. बायकांनी तिला मिठ्या मारल्या, तिच्या गळ्यात पडून रडल्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू त्यांचंच माणूस गेलं आहे.

गावात जे बोललं जाईल ते मला माहीत होतं. परांचीवरून माणूस पडतो, आणि तो माणूस हेमंत असतो, मग विचार करण्यासारखं काय उरतं? किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. मामी तर घरातच म्हणाल्या, "बाजाराचा दिवस होता ना. बाजारात गेला असंन, घेतली असंन थोडी."

"मामी, सकाळीच झालं ते. आणि आदल्या दिवशी मी त्याच्याशी बोलले होते. तो घेत नव्हता."

"हो का, बाई," मामी म्हणाल्या आणि भाजी चिरू लागल्या.

मी आईला सांगायचा प्रयत्न केला. ती नव्या ओट्याला टेकून उभी होती. ओटा तिच्या कमरेला अगदी बरोबर लागत होता.

"आई, तो प्यालेला नव्हता."

"बरं."

"बरं काय? मी खरं सांगते."

तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "तू बहीण आहेस बाई. तू असंच म्हणशील. मी त्याले माफ केलं आहे. तू नको जीव जाळू."

तिचा आवाज इतका मऊ होता की भांडताही येईना.

तेरवीला अंगणात मंडप घातला होता. जेवणं उरकली, बाहेरगावची माणसं गेली. नव्या भिंतीच्या सावलीत आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. आई खुर्चीवर, मामी सतरंजीवर, मी, आणि थोडं बाजूला गावंडे गुरुजी. ते सगळे दिवस रोज येत होते, बसत होते आणि न बोलता जात होते.

मामींनीच पुन्हा विषय काढला. "बरा सुधारला होता म्हणतात. पण त्या मेल्या दारूनं शेवटी डाव साधला."

आई शांतपणे म्हणाली, "सुटत नाई ते. कोणाचीच सुटत नाई. घेतली असंन त्या दिवशी, तोल गेला असंन. त्याचं नशीबच तसं होतं."

गुरुजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वहिनी, असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, गुरुजी. म्हणू द्या."

"तुम्हीसुद्धा?"

आईनं पदर सावरला.

गुरुजी उठले. त्यांचं वय झालं होतं, त्यांना खाली बसून उठायला वेळ लागला. ते आईच्या खुर्चीजवळ आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"वहिनी, मला वाटलं हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी बोललो नाही. मी पहिला पोचलो होतो त्याच्याजवळ. आवाज आला तसा मी धावलो. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. तो जिवंत होता. बोलत होता, पण आवाज निघत नव्हता, म्हणून मी त्याच्या तोंडाशी वाकलो. इतक्या जवळ." त्यांनी आपला तळवा चेहऱ्याजवळ धरला. "वहिनी, माझ्या मुलीची सोयरीक त्यानं मोडली. त्याच्या तोंडाचा वास मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी तो वास नव्हता. चहाचा होता. सकाळी मीच त्याला चहा दिला होता."

"काय म्हणत होता?" आईनं विचारलं.

"मोटर बंद करा म्हणाला."

"काय?"

"प्लास्टर आदल्या दिवशीचं होतं. रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तडकतं. मजूर नव्हते, म्हणून तो स्वतः नळी घेऊन चढला होता. फळी ओली झाली, पाय सरकला. खाली पडला तरी नळी चालूच होती. मला म्हणाला, 'गुरुजी, मोटर बंद करा, टाकी रिकामी होऊन राहिली. एक कोपरा राहिला माझा.' तेवढंच. मी मोटर बंद करून आलो तोवर त्यानं डोळे मिटले होते."

आई गुरुजींकडे पाहत राहिली. मग तिनं मान वळवली आणि भिंतीकडे पाहिलं. वर, उजवीकडे, एका कोपऱ्यात प्लास्टर केसांसारखं बारीक तडकलं होतं.

तिच्या घशातून आधी एक आवाज निघाला. मला वाटलं तिला ठसका लागला. मी धावले. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

"सुचे," ती म्हणाली, "प्यालेला होता म्हणून मी सोसत होती वं. त्या पेणाऱ्याले तर मी कधीचीच रडून बसली होती. त्याचं मले काही राहिलं नव्हतं." ती थांबली. "मंग हा कोण गेला माझा? हा तर चांगला होता. हा तर माह्यासाठी पाणी मारत होता. याच्याशी तर मी बोललीच नाई."

आणि मग ती रडली. आमच्या त्या गल्लीनं आईला रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मामी उठून घरात गेल्या. गुरुजी तिच्या पायांशी बसून राहिले, स्वतःचा चष्मा काढून, तो पुसत, पुन्हा पुसत.

माझ्या मनात आलं, मी हे तिला पटवून द्यायला इतकी धडपडत होते. कशासाठी? ती शांत होती. पण ते मनातच राहिलं, आणि आज इतक्या वर्षांनीही त्याचं उत्तर मला देता येत नाही.

आई पुन्हा हैदराबादला आली नाही. मी खूप विनवलं, नवऱ्यानं विनवलं. ती म्हणाली, "माह्या पोरानं घर करून देल्लं आहे. मी कुठं जाऊ?" राहिलेलं काम, रंग, दारांच्या कड्या, मी पुन्हा जिन्यात उभी राहून फोनवरूनच करून घेतलं. त्या घरात ती आणखी सात वर्षं राहिली, खुर्चीवर बसून कपडे धुतले, गल्लीकडच्या खिडकीतून माणसं पाहिली, आणि एकदाही पडली नाही.

फक्त एक नवीन सवय तिला लागली. दारात कोणीही आलं, गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा असो की भाजीवाली, ती आधी हेमंतचं सांगायची. मग सिलिंडर कुठे ठेवायचं ते. जुनी माणसं मान हलवून ऐकून घ्यायची. एकदा मी तिच्याशी फोनवर बोलत होते, आणि विजेचं मीटर पाहायला कोणी नवा माणूस आला. आईनं फोन ओट्यावर ठेवला. मला सगळं ऐकू येत होतं.

"मीटर तिकडं आहे, भाऊ. या भिंतीवर. ही भिंत माह्या मुलानं बांधली."

"अच्छा. काय करतात ते?"

"तो गेला. याच भिंतीवरून पडून गेला. पण प्यालेला नव्हता बरं का, भाऊ. त्यानं सोडली होती."

तो माणूस गांगरला असावा. मग तो हळूच म्हणाला, "हो काकू. कोण म्हणतं ते प्यालेले होते?"

"कोणी नाई," आई म्हणाली. "मीच म्हणत होती."